जिनिंगच्या आवारातला दरबार

माझ्या नावाआधी ‘मेजर’ लागतं हे कळलं, की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. त्यांना बर्फ हवा असतो, तोफा हव्या असतात. मी सैनिकी रुग्णालयात परिचारिका होते. तोफ मी फक्त फाटकाशी शोभेला ठेवलेली पाहिली. बाकी उभी नोकरी ताप, टाके आणि बेडपॅन यांत गेली. म्हणून ‘सैन्यातल्या आठवणी’ मागायला आलेल्या संपादकांना मी आधीच सांगून टाकलं, की माझ्या मनाजोगत्या आठवणी निवृत्तीनंतरच्या आहेत आणि त्यांत कानातला मळ बराच आहे. ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे.

थट्टा नाही. फौजेच्या, राखीव दलाच्या, पोलिसांच्या भरतीत पोरं छाती फुटेस्तोवर धावतात, लेखी परीक्षा पास होतात आणि मेडिकलला कानात मळ निघाला म्हणून बाजूला काढली जातात. तळवे सपाट, गुडघे एकमेकांना लागतात, दाढ किडलेली, रक्त कमी, अशी शंभर कारणं. ओल्या पायानं फरशीवर उभं राहिलं आणि अख्खा तळवा उमटला, की तो सपाट. इतकं सोपं असतं, घरच्या घरी पाहता येतं, पण खेड्यातल्या पोरीला ते सांगणार कोण? ते सांगायचं काम मला निवृत्तीनंतर मिळालं, आणि मेजरकीत आला नाही एवढा जीव मला त्यात आला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेले भाव, खरेदी केंद्राबाहेर गाड्यांच्या रांगा. केळापूर तालुक्यातली एक जिनिंग, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करायचा कारखाना, त्या तडाख्यात बंद पडली. आवार ऐसपैस, भिंत धड. दारव्ह्याकडच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी ते भाड्यानं घेतलं आणि मुलींसाठी भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र काढलं. मुलींसाठीच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, पोरं कुठंबी धावतात. पोरीले धावाले भिंत लागते.” मी यवतमाळच्या कचेरीवाल्या घरातली; वडील, भाऊ सगळे फायलींवर पोसलेले. बिनलग्नाची, पेन्शन घेऊन घरी बसलेली. त्यांनी बोलावलं आणि मी ट्रंक उचलून गेले.

मुली सगळ्या बारावी झालेल्या, अठरा ओलांडलेल्या, शेतकऱ्यांच्या घरच्या. जिथे पूर्वी कापसाचे ढीग पडत तिथे त्या गोल धावायच्या. कौलांच्या फटींत अडकलेली जुनी रुई वारा सुटला की खाली यायची, आणि धावून आलेल्या पोरींचे केस पांढरे व्हायचे. “मॅडम, आमी तुमच्यावानी दिसून राह्यलो,” म्हणून मला चिडवायच्या. सकाळी केळापूरच्या देवीपर्यंत धावत जायचं, पायरीला हात लावून परत यायचं. मी सायकलवर मागे, पिशवीत पट्ट्या आणि मलम. येताना एखादी तिथेच बसायची, “मॅडम, आता देवीच सांभाळन मले, तुम्ही जा.” तिला कॅरिअरवर घालून आणावं लागे.

वजन कमी भरणाऱ्या पोरी वजनकाट्यावर जाण्याआधी केळी खात आणि पाणी पीत, पोटाचा नगारा होईपर्यंत. उंचीत केसभर कमी असलेली एक रोज कडुलिंबाच्या फांदीला लोंबकळायची. कुणीतरी तिला सांगितलं, माणूस सकाळी उंच असतो आणि दिवसभरात खचतो. मग मोजणीच्या दिवशी ती गाडीतून आडवी झोपूनच गेली, आणि मोजपट्टीपाशी दोघींनी तिला उचलून उभी केली. भरली की उंची! आजही ती आठवली की मी एकटी असताना हसते. माझ्या आयुष्यात इतकं हसू त्याआधी नव्हतं आणि नंतरही नाही.

आता जे सांगायचं ते सांगते.

फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. आमच्या केंद्राचा उस्ताद निवृत्त हवालदार होता, सुभेदारसाहेबांच्याच पलटणीतला. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. शिकवायचा उत्तम, हे मान्य करायलाच हवं. दम कसा राखायचा, उडी मारताना नजर कुठे ठेवायची, हे त्याच्यासारखं कुणाला येत नसे. त्याच्या हाताखाली पोरींची वेळ सुधारायची, म्हणून त्याचा शब्द म्हणजे त्यांना वेद.

राखीव दलाच्या भरतीची जाहिरात आली, तशी एका दुपारी मी पोरींना मेडिकल समजावायला बसवलं. दोरीवर चादर टाकून पडदा केला, एकीला डॉक्टर केलं, एकीला उमेदवार. “बाईची तपासणी बाई डॉक्टर करते,” मी सांगितलं. “पुरुष डॉक्टर असलाच, तर जवळ बाई हजर पाहिजे. एकटा पुरुष, बंद दार, हे कधीच नाही. आणि आपल्या केंद्रात तर उंची-वजनापलीकडे कुणालाही तपासायचा हक्क नाही. मलाही नाही.”

एरवी अशा वेळी खिदळणाऱ्या पोरी एकदम गप्प झाल्या. कुणी चादरीकडे पाहत होती, कुणी स्वतःच्या नखांकडे. मागून वंदनानं हात वर केला. वंदना फुलसावंगीची. अंगानं काटकुळी, पण धावायला लागली की सगळ्यांच्या पुढे.

“मॅडम, मेडिकलची आधी तालीम नसते का घ्याची?”

“कसली तालीम?”

“काही नाही,” म्हणून ती बसली.

मी रुग्णालयात आयुष्य काढलेली बाई. “काही नाही” हे दोन शब्द रुग्ण कधी बोलतात, ते मला कळतं. पोरी पांगल्यावर मी तिला हौदापाशी गाठलं. ती बादली भरत राहिली.

“उद्या दरबार आहे नं, मॅडम?”

“आहे.”

“मंग उद्याच सांगतो.”

“मला सांग ना आत्ता. मी साहेबांशी बोलते.”

“तेच त,” ती म्हणाली. “तुमाले सांगतलं त तुम्ही सायबाले सांगान. सायेब उस्तादले इचारन. उस्ताद नाही म्हणन. मंग माही गोष्ट कोठी राह्यली?”

फौजेत यालाच आम्ही ‘थ्रू प्रॉपर चॅनल’ म्हणायचो, आणि त्या चॅनलमध्ये किती बायांचं बोलणं बुडालेलं मी पाहिलं होतं, ते मला माहीत.

दरबार म्हणजे काय, तेही सांगायला हवं. पलटणीत ठरावीक काळानं सगळे जवान एकत्र बसतात आणि साहेब समोरासमोर विचारतो, “किसी को कोई तकलीफ?” नियमानं त्या वेळी साध्या शिपायालाही उठून काहीही बोलता येतं. प्रत्यक्षात सगळी पलटण एका सुरात “नहीं साब!” ओरडते आणि चहाला जाते. सुभेदारसाहेबांनी ही रीत आमच्या केंद्रात जशीच्या तशी आणली होती. महिन्यातून एकदा जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्री अंथरायची, पोरी रांगेत बसायच्या, उस्ताद आणि मी बाजूला उभे. कुणी फार तर वरण पातळ असतं म्हणायचं.

त्या दिवशीही साहेबांनी विचारलं, आणि पोरींनी कौलं हलतील असं “नहीं साब!” म्हटलं. आवाज विरला तशी वंदना उठली.

“है साब.”

“बोल बेटा,” साहेब म्हणाले. त्यांच्या मनात वरणच असावं.

“उस्तादनं मेडिकलची तालीम म्हणून मले गोडाउनात बलावलं. दार लावलं. अन् माह्या अंगाले नाही तेथी हात लावला. खऱ्या मेडिकलमधी असंच करतात म्हणे. काल मॅडमनं सांगतलं, असं नसते.”

ती हे एका दमात बोलली. धावताना राखायला शिकवलेला दम तिनं तिथे वापरला असं मला वाटलं. उस्ताद पुढे सरसावला, “साब, झूठ बोलती है, मी रागावलो म्हणून...” साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पोरींना विचारलं, “और किसी के साथ हुआ?”

कुणी उठलं नाही. साऱ्या माना ताडपत्रीकडे. वंदनानं एकदा मागे वळून पाहिलं. उस्तादानं काय केलं ते सांगताना जे तिच्या चेहऱ्यावर आलं नव्हतं, ते तेव्हा आलं.

फौजेत आरोप झालेल्याला साहेबासमोर उभं करताना त्याची टोपी आणि पट्टा उतरवतात. सुभेदारसाहेबांनी उस्तादाला पोरींच्या देखत तेच करायला लावलं आणि सामान घेऊन चालतं व्हायला सांगितलं. वीस वर्षांचा सोबती होता तो त्यांचा. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि लगेच त्यांच्यावर संतापही आला, कारण खोलीत आल्या आल्या ते म्हणाले, “चला, निकाल लागला.”

“निकाल कसला? ठाण्यात जायला पाहिजे.”

“मॅडम, तुमाले समजत कसं नाही? पोरीचं नाव ठाण्यात गेलं की तिची भरती गेली. व्हेरिफिकेशन!”

आता कळलं, त्या साऱ्या माना खाली का होत्या. सरकारी नोकरी लागण्याआधी पोलीस चारित्र्याची पडताळणी करतात, उमेदवारावर काही केस आहे का ते पाहतात. आमच्या भागात त्याचा असा अर्थ रुजला होता, की केसमध्ये नाव आलं की माणूस बाद. कोणत्या बाजूनं आलं, हे कुणी विचारतच नव्हतं. उस्तादानं प्रत्येकीला हेच सांगून ठेवलं होतं, हे पुढे पोरींकडून कळलं: “ठाण्यात नाव गेलं की व्हेरिफिकेशनले उडशीन.” आणि साहेबांसारखा सरळ माणूस मनापासून तेच मानत होता.

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. मी एसटीडी बूथवर जाऊन दादाला फोन लावला. दादा माझा थोरला भाऊ, उभा जन्म कोर्टाच्या कचेरीत गेलेला. तो कातावला. “अगं, फिर्यादी वेगळा, आरोपी वेगळा. चोरी झाली म्हणून सांगायला जाणारा चोर असतो का? पोलिसांना तो फरक कळतो, तुम्हांला कळत नाही.” मग म्हणाला, “कधी कधी त्यांनाही कळायला वेळ लागतो, ते मात्र पोरीला सांग. फसवू नको.”

मी वंदनाला दोन्ही सांगितलं. ती म्हणाली, “माय आली की सांगतो.”

बातमी आमच्या आधी गावोगाव पोचली होती. दुसऱ्याच दिवशी काही बाप आले आणि पोरींना घेऊन गेले. एकानं मला बजावलं, “फौजबिज नाही पाह्यजे आमाले.” त्याची पोरगी फाटकातून जाताना रडत होती. मी काही करू शकले नाही. तिचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

वंदनाची माय कांताबाई संध्याकाळच्या गाडीनं आली. वेचणी सोडून तशीच निघालेली, लुगड्याला कापसाच्या बोंडांची वाळकी पानं चिकटलेली. घरचं कापूस-तुरीचं वावर तीच पाहायची. सुभेदारसाहेबांनी खुर्ची दिली, ती खाली बसली. त्यांनी तिला सगळं नीट समजावलं. व्हेरिफिकेशन, केस, बदनामी. तिनं ऐकून घेतलं.

“सायेब, मले कायद्यातलं काही नाही समजत,” ती म्हणाली. “आपल्या पऱ्हाटीले अळी लागली त आपण शेजाऱ्याले सांगतो. लपोलं त त्याचंबी वावर जाते. बस, तेवढंच समजते मले.”

“अन् पोरीची नोकरी?”

कांताबाईनं वंदनाकडे पाहिलं. “तू सांग, कायले चूप बसली? तुह्यी नोकरी हाये.”

“जाचं,” वंदना म्हणाली.

आम्ही गेलो. जबाब बाई कॉन्स्टेबलनं घेतला, मी बाहेरच्या बाकावर बसले होते. उस्तादाला पकडलं, मग तो जामिनावर सुटला आणि आमच्या धावण्याच्या रस्त्यावरच्या चहाटपरीवर बसायला लागला. पोरींना काही बोलायचा नाही. टपरीवाल्याला तेवढं मोठ्यानं म्हणायचा, “पाहू, कोण भरती होते ते.” साहेबांनी मला विचारलं, रस्ता बदलायचा का. मी म्हटलं, देवी तर बदलत नाही. दुसऱ्या दिवसापासून सायकलवर मागे न राहता मी पोरी आणि टपरी यांच्या मधून जायला लागले.

वंदना भरतीत पास झाली. धावली, लेखी दिली, मेडिकलला बाई डॉक्टरच होत्या. आमच्या आणखी काही पोरीही निवडल्या गेल्या. पण पत्र यायचं पडताळणी झाल्यावर. ते दिवस फार वाईट गेले. इतर पोरी वंदनाशी तुटक वागायच्या. तिच्या ताटाशेजारी बसायच्या, पण बोलायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा. त्या तिला टाळत नव्हत्या, तिचं काय होतं ते श्वास रोखून पाहत होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पडताळणीला जमादार फुलसावंगीला येणार असं कळलं, तशी मी काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन बसले. जमादार पिकल्या मिशांचा, थकलेला. ओसरीवर बसून त्यानं पाणी मागितलं. माझ्याकडे पाहून विचारलं, “तुम्ही कोण?” मी सांगितलं आणि राहवलं नाही म्हणून पुढे बोलले, “हिच्यावर केस नाही. हिनं केली आहे.”

“मालूम आहे, मॅडम. वाचता येते आमाले,” तो म्हणाला. मग कांताबाईला विचारलं, “पोरीचं वागणं कसं आहे, बाई?”

कांताबाई शेंगा सोलत होती. तिनं हात थांबवला नाही.

“चांगलं आहे. पण चूप नाही राहत.”

जमादारानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “राहू द्या,” तो म्हणाला. “लागते असं एखादं.” आणि उठून गेला. त्याच्या त्या बोलण्याचा अर्थ लावत मी यवतमाळपर्यंत आले.

पत्र आलं. वंदनाला गाडीत बसवायला मी आणि कांताबाई गेलो. गाडी सुटेपर्यंत दोघी मायलेकी तुरीच्या भावाबद्दल बोलत होत्या. गाडी हलल्यावर कांताबाई डोळ्यांना पदर न लावता रडली. मीही रडले. इतकी वर्षं ट्रंका उचलून स्वतः जाणारी मी, कुणाला पोचवायला जाणं काय असतं ते मला ठाऊकच नव्हतं.

ती केस पुढे बरीच रेंगाळली. शेवटी त्या माणसाला शिक्षा झाली. माझ्या मते कमीच झाली, पण झाली. एकट्या वंदनाच्या शब्दावर ती झाली असती की नाही, मला शंका आहे. ती ज्यामुळे झाली, त्याची सुरुवात वंदनाला गाडीत बसवून मी स्टँडवरून परत आले त्याच दिवशी झाली.

आवारात शिरले तर धावायची वेळ झाली असूनही पोरी लिंबाखाली उभ्या होत्या. धावायचे बूट घातलेले, केस घट्ट बांधलेले. सुभेदारसाहेब समोर, कपाळाला आठ्या. मला पाहून एक पोरगी पुढे आली. तीच, उंचीसाठी लोंबकळणारी.

“मॅडम, वंदीचं व्हेरिफिकेशन झालं नं? खरंच गेली नं ते?”

“गेली. आत्ताच गाडीत बसवून आले.”

तिनं मागच्या पोरींकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग आमालेबी ठाण्यात जाचं आहे. आमालेबी बलावलं होतं त्यानं गोडाउनात.”

सुभेदारसाहेब पाठ करून भिंतीकडे पाहत राहिले. दरबारात आपण विचारलं होतं आणि एकही उठली नव्हती, हे त्यांना आठवत असणार. मला वाटलं, आता हे पुन्हा व्हेरिफिकेशन काढतील. ते वळले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी परेडच्या आवाजात हुकूम दिला, “तीन लाइन में, फॉल इन!”

पोरी रांगेत उभ्या राहिल्या. रिक्षा नको, जीप नको. आम्ही फाटकातून निघालो आणि भर बाजारातून चालत गेलो, पोरी तालात, साहेब बाजूला “बाएँ, दाएँ” म्हणत, मी मागे. चहाटपरीवरून गेलो. टपरीवर कोण बसलं होतं ते कुणी वळून पाहिलं नाही. बाजारात कापडाच्या दुकानदारानं पायरीवर येऊन विचारलं, “काहो सायेब, कायची रॅली आहे आज?”

साहेबांच्या आधी पहिल्या रांगेतल्या पोरीनं, नजर समोर ठेवूनच, उत्तर दिलं, “तक्रार द्याले चाललो, काका.”

तिथे साहेबांचा आवाज बसला. ते नुसते ओठ हलवत चालत राहिले आणि पोरींचा ताल तुटायला लागला. मग मी मागून पुढे आले आणि “बाएँ, दाएँ” म्हणायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या फौजेत मला कधी कुणी परेड चालवायला दिली नव्हती. ठाण्याच्या फाटकापर्यंत मी ती चालवली.